गाडीच्या रंगाला धक्का न लावता डांबराचे डाग कसे काढावेत

डांबराचा ठिपका दिसला की बहुतेकांचे नख आपोआप त्याच्याकडे जाते. नखाने तो अर्धवट निघतो, उरलेला लांबट होऊन पसरतो, मग ओला फडका येतो, मग शॅम्पू येतो आणि कशानेच काही होत नाही असे दिसले की हाताचा जोर वाढत जातो. डांबरामुळे रंगाचे जेवढे बिघडते त्याहून कितीतरी अधिक ते काढण्याच्या घाईत बिघडते. या लेखात सांगितलेली पद्धत संथ आहे आणि तिच्यात हाताच्या ताकदीला जवळजवळ काहीच काम नाही. काम द्रावण करते आणि आपण त्याला वेळ देतो. एवढे पाळले तर महिनाभर जुने ठिपकेसुद्धा ओरखडा न उठता निघतात.

डांबर रंगाला कसे धरून बसते

रस्त्यावरचे डांबर म्हणजे खनिज तेलाच्या शुद्धीकरणात हलकी इंधने निघून गेल्यावर शेवटी उरणारा जड, चिकट भाग, म्हणजेच बिट्युमेन. दगडी कोळशापासून निघणाऱ्या टारलाही मराठीत आपण डांबरच म्हणतो, परंतु आजच्या रस्त्यांवर वापरले जाते ते बहुतेक करून बिट्युमेनच. ते तेलाच्या कुळातले असल्यामुळे पाण्याशी त्याचे जमत नाही. गाडीचा शॅम्पू धूळ आणि हलका ओशटपणा उचलतो, पण घट्ट झालेल्या डांबराला तो मऊ करू शकत नाही. रॉकेल आणि मिनरल टर्पेंटाइन ही द्रव्येही खनिज तेलातूनच येतात, त्यामुळे ती डांबरात सहज शिरतात आणि काही मिनिटांत त्याची पकड सोडवतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. रस्त्याच्या मिश्रणात शुद्ध डांबर वजनाने साधारण ४ ते ६ टक्केच असते. उरलेला सगळा भाग खडी, बारीक कच आणि दगडाची भुकटी यांचा असतो. चाकाने उडवलेल्या प्रत्येक ठिपक्यात या भुकटीचे कण अडकलेले असतात. आता दुसरी बाजू पाहा. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक संरक्षक थर असतो, ज्याला क्लिअर कोट म्हणतात, तो सर्वसाधारणपणे ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. कोरड्या फडक्याने ठिपका रगडणे म्हणजे या थरावर दगडाची पूड फिरवणे होय.

मी हे एका चंदेरी गाडीच्या दारावर शिकलो. भर उन्हात, पेट्रोल लावलेल्या फडक्याने मी तिचे खालचे अंग जोर लावून पुसले आणि डाग गेले म्हणून समाधानाने आत गेलो. संध्याकाळी ऊन तिरपे झाले तेव्हा त्या दारावर माझ्या हाताच्या फिरकीची अर्धगोल रेषांची नक्षी स्पष्ट दिसत होती. प्रत्येक ठिपक्याच्या जागी चार-पाच समांतर चरे होते, कारण फडका ज्या बोटांनी दाबला त्या बोटांच्या टोकांखाली कण सापडले होते. ते चरे पॉलिशने फिके झाले, पण त्यासाठी क्लिअर कोटचा काही भाग कायमचा खर्ची पडला.

डाग ताजा आहे की जुना, हे आधी पाहावे

ताजे डांबर मऊ असते आणि लवकर निघते. ऊन, हवा आणि दिवस यांच्या माऱ्याने ते कडक होत जाते. म्हणून ठिपके दिसल्यापासून आठवडाभरात काम उरकलेले बरे. मात्र एका विशिष्ट प्रसंगी आठवडा सोडाच, तासही महत्त्वाचा असतो. नवा थर टाकण्यापूर्वी रस्त्यावर डांबराचे इमल्शन फवारतात. त्यात डांबराचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात मिसळलेले असतात आणि ताजे असताना त्याचा रंग काळा नसून तपकिरी असतो. पाणी सुटून गेले की ते काळे आणि चिकट होते. अशा ओल्या तपकिरी रस्त्यावरून गाडी गेली असेल, तर शक्य तितक्या लवकर भरपूर पाण्याचा मारा करावा. तपकिरी रंग टिकून आहे तोवर त्यातला बराच भाग नुसत्या पाण्याने वाहून जातो.

काळा दिसणारा प्रत्येक ठिपका डांबराचाच असतो असेही नाही. ब्रेकच्या धुळीतील लोखंडाचे कण रंगात रुतून बारीक तांबूस-काळे ठिपके तयार करतात, आणि झाडांचा चीक वाळून काळपट पडतो. ओळखण्याची साधी खूण अशी की सांध्याजवळच्या एखाद्या ठिपक्यावर रॉकेलात बुडवलेला कापसाचा बोळा मिनिटभर टेकवून ठेवावा. डांबर असेल तर बोळ्यावर तपकिरी डाग उमटतो. लोखंडाच्या कणांवर रॉकेलाचा काहीही परिणाम होत नाही.

कोणते द्रावण वापरावे

पहिली पसंती गाडीच्या रंगासाठी बनवलेल्या टार रिमूव्हरला द्यावी. त्यात योग्य प्रकारची द्रावणे असतात, आणि काही प्रकार घट्टसर असल्याने उभ्या दारावरून लगेच ओघळून न जाता ठिपक्यावर टिकून राहतात, हाच त्यांचा मोठा फायदा. लिंबूवर्गीय फळांच्या सालींच्या तेलातील लिमोनीनवर आधारलेले प्रकारही चांगले काम करतात. त्यांचा वास सुखद असला तरी तेही ज्वालाग्राही द्रावणच आहे, हे विसरू नये.

टार रिमूव्हर हाताशी नसेल तर मिनरल टर्पेंटाइन किंवा स्वच्छ रॉकेल चालते. कारखान्यात भट्टीत भाजून पक्का केलेला क्लिअर कोट या सौम्य द्रावणांचा थोडा वेळ झालेला स्पर्श सहन करतो. रॉकेल हळू उडते, म्हणून ठिपक्यावर जास्त वेळ राहते, पण मागे तेलकट थर सोडते, जो नंतर धुवावाच लागतो. डब्ल्यूडी-४० सारख्या फवाऱ्यातही मुख्यत्वे अशीच द्रावणे आणि थोडे तेल असते, त्यामुळे दोन-चार ठिपक्यांसाठी तोही उपयोगी पडतो. स्वयंपाकाचे तेलसुद्धा डांबराला मऊ करते. त्याला पाव ते अर्धा तास लागतो आणि जुन्या डांबरापुढे ते थकते, तरीही ज्याला द्रावणांचा वास सोसत नाही किंवा ज्याच्या गाडीच्या रंगाविषयी शंका आहे, त्याने आधी तेलच लावून पाहावे असे माझे मत आहे.

पेट्रोल मात्र वापरू नये, आणि हे मी पूर्वी ते वापरूनच सांगत आहे. ते डांबर झपाट्याने विरघळवते, पण तितक्याच झपाट्याने उडते, त्यामुळे मऊ झालेले डांबर तिथेच पुन्हा बसते आणि आपण घासू लागतो. शिवाय त्याची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेऊ शकते आणि त्यात बेंझिनसारखी आरोग्याला घातक द्रव्ये असतात. रंगकामाचे थिनर आणि अॅसिटोन यांचा विचारही करू नये. ज्या रंगावर नंतर दुरुस्तीचा हात मारलेला आहे किंवा टचअप केलेला आहे, तो यांच्यामुळे मऊ पडून फडक्यावर उतरू शकतो. भांडी घासायचा जाळीदार स्पंज, ब्लेड आणि घासण्याची पावडर यांना या कामात स्थान नाही.

तयारी

गाडी सावलीत उभी करावी आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबावे. उन्हामुळे डांबर मऊ होते हे खरे असले तरी तापलेल्या पत्र्यावर द्रावण काम करण्याआधीच वाळते आणि त्याचे डाग पडतात. जागा मोकळ्या हवेची असावी. बंद गॅरेजात हे काम करू नये आणि आसपास विडी-सिगारेट, शेगडी किंवा ठिणगी पाडणारे कोणतेही यंत्र नसावे.

हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत. साधे लॅटेक्सचे मोजे रॉकेल आणि टर्पेंटाइन यांनी फुगतात आणि फाटतात. दाराच्या खालच्या भागासाठी खाली वाकावे लागते आणि शिंतोडा तोंडावर येऊ शकतो, म्हणून डोळ्यांवर चष्मा असलेला चांगला. द्रावण कधीही पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवू नये. लहान मुलाने चुकून रॉकेल प्यायले तर ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अशा वेळी मुलाला उलटी करायला लावू नये, ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

कापड मायक्रोफायबरचे, मऊ लव असलेले आणि धुतलेले असावे. पाच-सहा लहान तुकडे एका मोठ्या कापडापेक्षा उपयोगाचे ठरतात. प्रत्येक तुकड्याची दोनदा घडी घालावी, म्हणजे उलटसुलट करून आठ स्वच्छ बाजू मिळतात. या कामात कापड म्हणजे खर्चाची वस्तू आहे, असे धरून चालावे.

त्यानंतर गाडी नेहमीसारखी धुवावी. हा टप्पा गाळण्याचा मोह होतो, कारण नंतर पुन्हा धुवायचेच असते. तो गाळू नये. सैल धूळ अंगावर असताना द्रावणाने ओला केलेला फडका फिरवला, तर डांबराच्या ठिपक्यात जेवढे कण नव्हते तेवढे आपणच आणून रगडतो. चाकांच्या कमानीच्या आतून पाण्याचा चांगला मारा करावा, नाही तर तिथली माती काम चालू असताना ओघळत राहते. धुऊन झाल्यावर कामाचा भाग कोरडा करावा, कारण ठिपक्यावर पाणी असेल तर द्रावण त्याच्यापर्यंत पोचत नाही.

चाचणी

निवडलेले द्रावण दाराच्या आतल्या कडेवर किंवा दाराखालच्या पट्टीवर न दिसणाऱ्या जागी कापडाने लावावे, दोन मिनिटे थांबावे आणि पांढऱ्या कापडाने टिपावे. कापडावर गाडीचा रंग आला, जागा निस्तेज झाली किंवा बोटाला चिकट लागली तर ते द्रावण त्या गाडीसाठी नाही. ज्या जुन्या गाड्यांवर वेगळा क्लिअर कोट नसतो आणि रंगाचा थरच उघडा असतो, त्यांच्या बाबतीत ही चाचणी सोडून चालणार नाही. ज्या पॅनेलला अलीकडेच गॅरेजात रंग दिला आहे, त्याला किमान महिनाभर द्रावण लावू नये, कारण तो रंग आतून अजून पक्का होत असतो. कधी आणि काय लावावे हे रंग देणाऱ्यालाच विचारावे. मॅट रंग, विनाइलचे आवरण आणि रंगावर चढवलेली पारदर्शक संरक्षक फिल्म यांच्यावर त्यांच्या उत्पादकाने मान्य केलेले द्रावणच वापरावे. फिल्मच्या कडेतून द्रावण आत शिरले तर तिचा चिकट थर सुटू लागतो.

प्रत्यक्ष काम

एका वेळी साधारण दोन वितींचा चौकोन घ्यावा, त्याहून मोठा नको. आधी वरचे तुरळक ठिपके आणि शेवटी खालचे दाट ठिपके, या क्रमाने जावे. टार रिमूव्हरचा फवारा सरळ ठिपक्यांवर मारावा. रॉकेल किंवा टर्पेंटाइन असेल तर ते पत्र्यावर ओतू नये. कापड त्यात भिजवावे, गळणार नाही इतपत पिळावे आणि ठिपक्यांच्या जागी नुसते टेकवून हाताने धरून ठेवावे.

आणि मग थांबावे. या कामात सर्वांत कठीण भाग हाच आहे. दोन ते पाच मिनिटे, किंवा डब्यावर जेवढी सांगितली असेल तेवढी वेळ हात आवरायचा असतो. पांढऱ्या दारावर हे फार चांगले पाहता येते. पहिल्या मिनिटात मोहरीएवढ्या काळ्या ठिपक्याच्या कडा धूसर होतात, मग त्याच्याभोवती चहाच्या रंगाचे वलय पडते आणि थोड्याच वेळात त्याच्या खालच्या टोकातून एक बारीक तपकिरी ओघळ निघून दारावरून खाली उतरू लागतो. हा ओघळ दिसला की डांबराने पकड सोडायला सुरुवात केली आहे असे समजावे. गडद रंगाच्या गाडीवर ओघळ दिसत नाही, तिथे घड्याळावर विसंबावे. द्रावण वाळत चालले आहे असे वाटले तर थोडे पुन्हा लावावे, पण कोणत्याही परिस्थितीत ते पत्र्यावर वाळू देऊ नये.

आता कापडाची स्वच्छ बाजू द्रावणाने किंचित ओली करून ठिपक्यावर ठेवावी आणि दाब न देता एकाच दिशेने, शक्यतो वरून खाली ओढावी. गोल गोल फिरवू नये. एका ओढीत जेवढे उचलले गेले तेवढे पुरे. लगेच कापडाची बाजू बदलावी, कारण उचललेले डांबर आणि त्यातले दगडाचे कण आता त्या बाजूवर आहेत. ठिपका उरला असेल तर जोर वाढवू नये. पुन्हा द्रावण, पुन्हा थांबणे, पुन्हा एक हलकी ओढ. ज्या ठिपक्याला तीन फेऱ्या लागतात त्याला तीन फेऱ्या द्याव्यात. चौकोन स्वच्छ झाला की तो लगेच शॅम्पूच्या पाण्याने पुसून घ्यावा आणि मगच पुढच्या चौकोनाकडे वळावे.

डांबराचा जाडसर गोळा चिकटला असेल तर पद्धत थोडी बदलते. द्रावणात भिजवलेली कापसाची घडी त्यावर ठेवून तिच्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा चिकटपट्टीने बसवावा, म्हणजे द्रावण उडत नाही. दहा मिनिटांनी गोळ्याचा वरचा मऊ झालेला थर कापडाने चिमटीत धरून उचलावा. गोळा एकदम मुळासकट ओढू नये, थर थर उतरवावा. त्यात खडीचा तुकडा असेल तर तो आधी सुटा करून वर उचलावा, त्याला पत्र्यावरून सरकू देऊ नये. हेअर ड्रायरच्या उबेने गोळा मऊ करता येतो, पण तो द्रावण लावण्याआधीच. द्रावण लावल्यावर उष्णता देणारे कोणतेही साधन जवळ आणू नये.

रंगाशेजारच्या गोष्टी

हेडलाइटची काच बहुतेक गाड्यांत खरी काच नसून पॉलिकार्बोनेट असते. तीव्र द्रावणांनी तिला केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि ती धुरकट होते. तिच्यावरच्या ठिपक्यासाठी खाद्यतेल, धीर आणि शॅम्पू एवढेच वापरावे. रंग न दिलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि दाराची रबरे द्रावणाने फुगू किंवा पांढरट पडू शकतात, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी त्यांवर चिकटपट्टी लावून घेतलेली बरी.

चाकांच्या रिमवर डांबर असतेच, आणि ते याच पद्धतीने निघते. तिथे मात्र अधिक सावध राहावे. गाडी नुकतीच चालून आलेली असेल तर ब्रेक तापलेले असतात, ते पूर्ण गार होऊ द्यावेत. द्रावण थेट फवारू नये, कापडानेच लावावे. रॉकेल किंवा तेल ब्रेकच्या डिस्कवर अथवा पॅडवर गेले तर ब्रेकची पकड कमी होते, आणि पॅड एकदा तेल प्यायले की ते सहसा बदलावेच लागते. रिमच्या चकाकीसाठी एवढी जोखीम पत्करण्यासारखी नाही. रिमच्या आतल्या बाजूला डांबर असेल आणि ते काढायचेच असेल, तर चाक उतरवून काढावे.

डाग गेल्यानंतर

संपूर्ण भाग शॅम्पूने दोनदा धुवावा. पहिल्या धुण्यानंतरही रॉकेलाचा पातळ ओशटपणा उरतो आणि त्यावर धूळ पटकन बसते. ओल्या हाताने पत्रा चाचपला असता तो बुळबुळीत लागला नाही, म्हणजे धुणे झाले. कोरडे झाल्यावर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बोटांची टोके रंगावरून हलकेच फिरवावीत. डोळ्यांना न दिसणारे खडबडीत कण पिशवीतून आश्चर्य वाटावे इतके स्पष्ट जाणवतात. डांबराचे कण राहिले असतील तर त्यांना द्रावणाची आणखी एक फेरी द्यावी. इतर रुतलेले कण असतील तर भरपूर ओलाव्यावर सौम्य क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवावी, फक्त मॅट रंगावर ती वापरू नये. डांबर काढण्याआधीच क्ले बार फिरवणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने डांबर क्लेमध्ये मिसळते आणि पुढच्या प्रत्येक फिरकीत त्यातले कण रंगावर फिरतात.

पांढऱ्या गाडीवर बरेच दिवस बसलेल्या डांबराच्या जागी कधी फिकट पिवळसर सावली उरते. डांबरातला तेलकट अंश रंगाच्या वरच्या थरात मुरल्याने ती पडते. द्रावणाची आणखी एक छोटी फेरी देऊनही ती गेली नाही, तर बारीक पॉलिशने हाताने तेवढीच जागा चोळावी. तेवढ्यानेही राहिली तर सोडून द्यावी. त्या सावलीसाठी जाड कंपाउंड लावून क्लिअर कोट झिजवणे मला योग्य वाटत नाही.

वापरलेली कापडे लगेच गोळा करून कचऱ्याच्या डब्यात कोंबू नयेत. ती बाहेर, उष्णतेपासून दूर, एकेक पसरून वाळू द्यावीत आणि मग टाकावीत. घरच्या कपड्यांबरोबर धुवायला तर मुळीच घेऊ नयेत. उरलेले रॉकेल गटारात किंवा मातीत ओतू नये, झाकणबंद डब्यात नाव लिहून ठेवावे आणि पुढच्या वेळी वापरावे.

शेवटचे काम वॅक्सचे. द्रावणाने डांबराबरोबर रंगावरचे वॅक्सही विरघळते, त्यामुळे साफ केलेला भाग उघडा पडतो आणि पाणी त्यावर थेंबांनी न राहता पसरते. त्याच दिवशी वॅक्सचा किंवा सीलंटचा, म्हणजे वॅक्ससारख्याच कृत्रिम संरक्षक लेपाचा, एक हात द्यावा, आणि दाराखालच्या पट्टीवर व चाकांच्या मागच्या भागावर तो वाळल्यावर दुसराही द्यावा. पुढचा डांबराचा ठिपका आधी या थरावर बसेल आणि द्रावणाच्या पहिल्याच फेरीत सुटून येण्याची शक्यता कितीतरी वाढेल.